सुतकातला सातू

त्या दिवशी सकाळी गिरजा आणि मी उंबऱ्यावर बसून हरभरे निवडून राह्यलो होतो. बारीक खडे मला दिसत न्हाईत. "तुमचं सूप मी परत पाहीन," ती म्हणाली. मंग म्हणाली, छाती जड झाली, जरा आडवी होते. मी रिक्षा आणेपर्यंत ती गेल्ती. झिजली न्हाई, तळमळली न्हाई. याचं मला तवाही बरं वाटलं, आजही वाटतं. बायको गेल्याचं दुःख वेगळं. ते हाय तिथं हाय.

केदारखेड्याच्या माझ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. मी चौथी शिकलो, चुका सांभाळून घ्या.

त्याच्या वीस वर्षं आधी आम्ही दोघं एक ट्रंक घेऊन एसटीत बसलो, तवा आई खिडकीपाशी येऊन म्हणाली होती, "जालन्यात कोणाच्याही घरात शिरू नको." मला जुन्या जालन्यात पिठाच्या गिरणीवर काम मिळाल्तं. गिरजानं तिथं सातूचं काम काढलं, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांसाठी. आईबाप पहाटेच फडात जातात, लेकरं दुपारपर्यंत उपाशी. सातूत गूळपाणी कालवलं की झालं, चूल लागत न्हाई. गहू-हरभरा आपल्याच भागातला, पिशव्या कापडाच्या, धुऊन परत आणायच्या. आसपासच्या बायका आमच्या घरी भाजायच्या, मी गिरणीवर दळायचो.

बौद्ध वस्तीतली कमळबाई पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत. पण वीस वर्षांत मी कमळबाईच्या घरात पाय ठेवला न्हाई. गिरजा चिडायची. "गाव सोडलं कुठं तुम्ही? पोत्यात भरून सोबत आणलंय."

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. टोळ्यांचे ट्रक दोन दिवसांनी निघणार होते आणि निम्मं भाजणं राहिलेलं. सुतकाच्या घरात कढई चढत न्हाई. माझा थोरला भाऊ गावाहून आल्ता. तो म्हणाला, "किसन, बंद कर आता हे. ती गेली, कारभार संपला. गावाकडं चल."

कमळबाई म्हणाली, "भाऊ, आम्ही सुतक पाळत न्हाई. कढई माझ्या घरी द्या."

"तिच्या घरी?" दादा माझ्याकडं पाहून म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना बी पाठवा दादा," कमळबाई म्हणाली. "निवडायला माणसं लई कमी हायेत."

खरं सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला. चार दिवस मला एकच भीती होती, लेकरं यंदा उपाशी जाणार आणि गिरजाचं सगळं केलेलं मातीत जाणार. तिच्यामागं ते उभं राहणार होतं, फक्त मी आडवं यायचं नव्हतं.

गाव माझं केदारखेडाच. शेत तिकडं, भाऊबंद तिकडं. पण दुःखात मला काम सांगणारं माणूस जालन्यात निघालं. मंग घर इथंच, याचा राग मानू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या देखत कढई खांद्यावर घेतली, भर गल्लीतून गेलो आणि कमळबाईच्या घरात शिरलो. पहिला घाणा मीच भाजायला बसलो आणि करपवला. बायका हसायला लागल्या. "भाऊ, तुम्ही आपले दळाच," म्हणत कमळबाईनं उलथणं काढून घेतलं. तिनं भाजलेला घाणा निवेपर्यंत मी तिथंच बसलो, पोत्यात भरला आणि गिरणीवर नेला.