वस्त्रगाळ नमुना

काशाप्पाच्या घरी घाईत पाणी मागू नये, असं वाडीत म्हणतात. पाणी मिळतं, पण तोवर तहान कंटाळून निघून जाते. आधी तांब्या राखेनं घासायचा, मग विसळायचा, मग बायकोच्या, अनसाबाईच्या, जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं त्याच्या तोंडाला लावून पाणी गाळायचं आणि मगच ते पाहुण्याच्या हाती द्यायचं. काशाप्पाचे वाडवडील मेंढरांमागे फिरणारे. ज्या तळ्यात मेंढरं तोंड घालायची तेच पाणी माणसांनी प्यायचं, म्हणून धोतराचा सोगा लावून गाळून प्यायची रीत. मेंढरं गेली, शेती आली, दारात सरकारी नळसुद्धा आला (त्याला पाणी येत नाही, ते सोडा), पण गाळणं काही सुटलं नाही. "पावण्याला गाळीव पाणी, गाळ आपल्याला," असं बाप म्हणायचा. काशाप्पानं बापाचं उभ्या जन्मात एवढं एकच ऐकलं, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

वाडी निर्णा गावापासून कोसभर. तिच्या वरच्या अंगाला जुने टायर वितळवून तेल काढायचा कारखाना आहे. दिवाळीच्या तोंडावर त्याची टाकी फुटली आणि काळं, जाड, नाकात घर करून बसणारं तेल ओढ्यानं खाली आलं. ओढ्याच्या काठावरच वाडीची विहीर. ओढ्यातून तेल झिरपलं ते थेट विहिरीत.

ओढ्याच्या अलीकडे बीदर जिल्हा, पलीकडे कलबुर्गी. बीदरचे साहेब म्हणाले, तेल कलबुर्गीकडे वाहतंय, त्यांनी बघावं. कलबुर्गीचे साहेब म्हणाले, निघालं बीदरातून, त्यांनी आवरावं. तेलाला जिल्हा ठाऊक नव्हता. ते दोन्ही काठांना सारखं लागलं. त्या आठवड्यात भेदभाव न करता काम करणारं तेवढं एकच होतं.

मग साफसफाई झाली. उसाची चिपाडं आणि लाकडाचा भुसा ओढ्यात टाकला, त्याचे फोटो निघाले. जेसीबीनं काळी झालेली माती खरवडली आणि चार पावलांवर तिचाच ढीग घातला. ढिगावर तांबडा मुरूम पसरला, मुरुमावर कडुलिंबाची रोपं लावली. रोपं लगेच मेली. फोटो अजून हिरवेगार आहेत. वाडीला मात्र एक गोष्ट खरीखुरी मिळाली. विहिरीचं पाणी शुद्ध होईपर्यंत कारखान्यानं रोज पाण्याचा टँकर पाठवायचा, असं ठरलं.

आणि पाणी शुद्ध झालं की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी कारखान्यानं सुधींद्र नावाचे पर्यावरण सल्लागार नेमले. हे कलबुर्गीचे, शिक्षकाचे चिरंजीव, बोलायला गोड, आणि बुटाला चिखल लागू नये म्हणून विहिरीपर्यंत कधी न आलेले. दर सोमवारी विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणणारा एक स्थानिक माणूस त्यांना हवा होता. वाडीनं एकमुखानं काशाप्पाचं नाव घेतलं. पाण्याच्या बाबतीत त्याच्याइतका चोखंदळ माणूस पंचक्रोशीत नव्हता.

"बाटली अगदी स्वच्छ पाहिजे हं, काशाप्पा," सुधींद्र म्हणाले. "मोठ्या प्रयोगशाळेत जाणार आहे. काळजीनं भरा."

त्याच्यासारख्या माणसाला हे सांगायची गरज होती का? पण सांगितलं. शिवाय त्याला चकाकत्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट दिलं. पाठीवर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात निरीक्षक असं छापलेलं. काशाप्पा ते घालून शेतात गेला, बाजारात गेला, मन्नाएखेळ्ळीला एका लग्नात ते घालूनच पंगतीला बसला. पौर्णिमेला गाणगापूरला गेला तेव्हा लोक त्यालाच विचारायला लागले की गाडी कुठं लावायची. त्यानंही नाही म्हटलं नाही. देवाचं दर्शन राहिलं. वाहनतळ मात्र त्या दिवशी शिस्तीत होता.

सोमवारचा त्याचा सोहळा पाहायला माणसं जमत. बाटली चिंचेनं आणि राखेनं घासायची. पोहरा हिसका देऊन फिरवायचा, म्हणजे वरची तेलाची साय बाजूला सरते, आणि खालचं पाणी ओढायचं. तरी जे काही तरंगायचं ते तळहातानं काढून टाकायचं. मग चौपदरी फडक्यानं एकदा गाळायचं. मग, बाटली परमुलखात जाणार म्हणून, आणखी एकदा. भरलेली बाटली उन्हाकडे धरून बघितली की काशाप्पाचं मन निवायचं.

प्रयोगशाळेचंही निवलं. पहिली बाटली पास, दुसरी पास, पुढच्याही पास. थोडं काही उरलं असेल ते 'मर्यादेत' या शब्दाच्या मोठ्या पोटात मावलं. कारखान्यानं जाहीर केलं की विहीर शुद्ध झाली. काशाप्पाचा सत्कार ठरला आणि टँकर बंद झाला.

काशाप्पाची लेक भाग्यलक्ष्मी बाळंतपणाला माहेरी आली होती. टँकर बंद झाल्यापासून अनसाबाई टेकाडापलीकडच्या एका शेतातून डोक्यावर घागरी आणत होती, निव्वळ लेकीसाठी. त्या दिवशी तिनं घागर उतरवली आणि सत्काराला घालायचा सदरा झटकत बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"टँकर कामून बंद केला म्हणायलेत?"

"पाणी शुद्ध झालं," काशाप्पा म्हणाला. "माझ्या समद्या बाटल्या पास झाल्या."

"कुठलं पाणी? हिरीत तर तेल तरंगायलंय."

"पास झालंय म्हणलं की तुला."

अनसाबाई आत गेली आणि गाळायचं फडकं घेऊन आली. एके काळी ते पांढरं होतं, एवढं तिला आठवत होतं. आता ते उभं केलं तर उभं राहील, असं झालं होतं.

"मंग ह्ये कुठून आलं? सोडा घातला, राख घातली, दगडावर आपटून आपटून माझं हात भरून आलं. निघत न्हाई. दर सोमवारी तेल तेवढं घरी आणायलाव अन् पाणी तेवढं साहेबाला धाडायलाव."

"मंग काय घाण धाडायची व्हय परमुलखात?"

"त्यांनी घाणच मागितली हुती," अनसाबाई म्हणाली आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा टेकाडाकडे निघाली.

काशाप्पा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. घागरीच्या वजनानं आधीच वाकलेली मान त्याला तेवढ्यात पहिल्यांदाच दिसली. वाडीचं पाणी तोडलं ते कारखान्यानं नव्हे, साहेबांनी नव्हे, आपण तोडलं, आपल्या हातानं, चौपदरी फडक्यानं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला भरल्या घरात लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विहिरीतलं पाणी जसं होतं तसं बाटलीत भरलं. असं पाणी त्यानं कुत्र्यालाही दिलं नव्हतं. बाटली घेऊन तो सुधींद्रांकडे गेला आणि सगळं सांगितलं. सुधींद्रांनी बाटली लांबूनच पाहिली.

"असं अचानक कसं चालेल, काशाप्पा? आधीचे सगळे अहवाल वर गेलेत. आता एकाएकी तेल निघालं, तर तो तेलाचा प्रश्न राहत नाही, माझा होतो." मग खरोखर मायेनं ते म्हणाले, "हा नमुना घेण्यात चूक झालीय, असं धरू. तुमची आधीची पद्धत उत्तम आहे. तसंच आणत जा."

काशाप्पा बाटली घेऊन परत आला. खोट्याला उत्तम आणि खऱ्याला चूक म्हणणारा माणूस त्याला नवा नव्हता, पण इतक्या गोड आवाजात म्हणणारा नवा होता.

सत्काराचा मांडव त्या मुरूम पसरलेल्या ढिगावरच घातला होता. सपाट जागा दुसरी नव्हती. संकटात एकमेकांकडे बोट दाखवणारे दोन्ही जिल्ह्यांचे साहेब आता शेजारी शेजारी बसले होते, कारण श्रेयाला हद्द नसते. कारखान्याचे मॅनेजर गुरुशांतप्पा यांनी काशाप्पाच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. साऱ्या वाडीनं मोबाईल वर धरले.

आता या मुलखाची एक रीत आहे. मान घेऊन रिकाम्या हातानं उठायचं नाही. मान करणाऱ्याला टॉवेल-टोपीचा तरी आहेर उलटा करायचा. काशाप्पानं पिशवीतून नवी टोपी काढली आणि गुरुशांतप्पांच्या डोक्यावर ठेवली. पुन्हा टाळ्या झाल्या. मग टॉवेलच्या जागी त्यानं घडी घातलेलं ते फडकं काढलं आणि त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दोन्ही हातांनी, मानानं पांघरलं.

"तुमचं तेल माझ्याकडं ऱ्हायलं हुतं, साहेब," तो म्हणाला. माईक समोरच होता. "दर सोमवारी मी गाळून ठिवून घेतलं अन् पाणी तेवढं तपासायला धाडलं. चूक माझी हाय. दुसऱ्याची वस्तू आपण ठिवून घेत न्हाई. परत करायलोय."

वास आधी पहिल्या रांगेत पोचला. गुरुशांतप्पांनी फडकं झटकन काढून सुधींद्रांच्या हातात कोंबलं, पण सदऱ्यावर खांद्यापासून छातीपर्यंत काळा पट्टा उमटला होता. दोन्ही जिल्ह्यांचे साहेब हळूच आपापल्या खुर्च्या आपापल्या जिल्ह्याकडे सरकवत होते. सुधींद्र हातात फडकं घेऊन उभे. ते कुणाला द्यावं, हे कुणीच सांगेना.

मोबाईलवरचा तो काळा पट्टा दोन्ही जिल्ह्यांत फिरला आणि टँकर पुन्हा सुरू झाला. विहीर उपसायचंही ठरलं, आणि आश्चर्य म्हणजे उपसली जातेय. काशाप्पाचं जाकीट मात्र काढून घेतलं. नमुना घेण्यात बेजबाबदारपणा, असं कारण सांगितलं. टँकर आल्याचा आनंद त्याला झालाच, पण जाकीट गेल्याचं दुःखही झालं. ते तो लपवत नाही. शाल तेवढी राहिली, ती भाग्यलक्ष्मीच्या तान्ह्या लेकीला दुपट्यासारखी होते.

जाकीट आता त्याच्या पुतण्याच्या, नागराजच्या अंगावर आहे. नागराज लग्न झालेला, मन्नाएखेळ्ळीला टायरचं पंक्चर काढणारा. टायरचा अनुभव म्हणून त्याला घेतलं. तोही त्याच घरातला. पहिल्या सोमवारी त्यानं पोहरा वर ओढला, खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि बाटलीच्या तोंडाला लावू लागला.

काशाप्पा कट्ट्यावर बसून बघत होता. जन्मभर जे तोंडून निघालं नाही, ते त्याला त्या वेळी बोलावं लागलं.

"गाळू नको, नागराजा," तो म्हणाला. "जसं हाय तसं दे पावण्याला."