आईच्या ओव्या कॉम्प्युटरवर उतरवताना

आईच्या जात्यावरच्या ओव्या मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतेय. थोड्या मला आठवतात, थोड्या माझी थोरली बहीण, अक्का, मेलवर पाठवते. काल तिच्या ओव्या उचलून माझ्या फाइलमध्ये चिकटवल्या, तर तिची मोठी, ठळक अक्षरं बघता बघता माझ्या अक्षरांसारखीच बारीक होऊन बसली. अक्काची ओवी कुठली नि माझी कुठली, काही कळेना. सुनेला हाक मारली.

सून म्हणाली, "आई, शब्द तेच आहेत. आणि हे बघा, परत फिरवता येतं." तिनं काहीतरी दाबलं, अक्षरं पुन्हा ठळक झाली.

पण माझ्या मनात भलतंच शिरलं होतं. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या ओव्या मी माझ्याच आवाजात म्हणतेय. विसरलेल्या शब्दाच्या जागी नकळत माझा शब्द बसला असेल, तर तो आता कसा ओळखायचा? तिथं परत फिरवणारं कोण?

राहवेना, तेव्हा अक्काला फोन लावला. एक ओवी म्हणून दाखवली नि विचारलं, "ही आईचीच ना गं?"

अक्का हळूच म्हणाली, "मी तुलाच विचारणार होते."