मडमेचं गोड कडं

महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापुरात एका अमेरिकन मडमेला मराठी शिकवायला जात असे. एके दिवशी तिला गावाकडून आई गेल्याचं पत्र आलं. त्या दिवशी धडा झालाच नाही. तिनं पाटीवर एक जाडसर कडं काढलं आणि म्हणाली, "गोड. तळलेलं. ताजं. आई करायची."

मी चक्रावलो. जिलबी नेली, बालुशाही नेली. ती नुसती मान हलवायची.

गंगावेशीत एक म्हातारी मुसलमान बाई गुलगुले तळायची. तळण्याआधी भिजवलेल्या पिठाचा वास घ्यायची, तो पटला नाही तर सरळ गिऱ्हाईक परत पाठवायची. मी तिच्यापुढं पाटी धरली.

"मधी भोक कशाला, पावणं?"

"मलाही ठाऊक नाही, चाची. तिची आई वारलीय, तिला हेच हवंय."

म्हातारीनं पिठाची परात ओढली. पीठ घट्ट केलं, तळहातावर थापलं, अंगठ्यानं भोक पाडलं. पहिली दोन फाटली, मग मात्र टम्म फुगायला लागली.

मडमेनं एक खाल्लं. "हे ते नाही," म्हणून रडली, आणि रडत रडत सगळी संपवली. जमलं की बिघडलं, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला सगळं सांगितलं.

"मग बराबर झालंय की," ती म्हणाली. "माझी आई जाऊन चाळीस वर्सं झाली. मला तरी तिच्या हातची चव कुठं घावली?"

बोलता बोलता तिनं आणखी चार कडी कढईत सोडली. ती मडमेसाठी होती की स्वतःसाठी, मला आजही कळलेलं नाही.