मिरचीचा हात

देवावर माझा विश्वास आहे का, असं त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं, तर मी त्याला आधी मिरच्यांची देठं खुडायला बसवलं असतं. उत्तर द्यायला सवड नव्हती आणि खरं सांगायचं तर उत्तरही नव्हतं. आमच्या कांडपाच्या पत्र्याच्या दारावर कोर्टाचं समन्स डकवलेलं होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्याच्यावर मी वैजनाथाच्या फोटोचं मोठं कॅलेंडर टांगलं होतं. रोज सकाळी दार उघडताना हात आपोआप कपाळाशी जाई. तो देवाला जात होता की मागच्या कागदाला, कोण जाणे.

परळीत आमचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. उन्हाळ्यात बाया वाळलेल्या मिरच्या, धने, येसर मसाल्याचं भाजलेलं सामान घेऊन येतात, मी कुटून देते, आणि सगळी गल्ली शिंकते. आमचे मालक पूर्वी वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. पाठ गेली तेव्हापासून ते तराजूपाशी बसतात, यंत्रावर पहिल्यापासून मीच. घर या यंत्रावर चालतं. ते गेलं तर आमच्याकडे दुसरं काही नाही, एवढं साधं ते होतं.

कर्जाची गोष्ट मोठी नाही. बँकेच्या एका गोड बोलणाऱ्या मुलाने क्रेडिट कार्ड दिलं होतं. ऐन हंगामात मोटर जळाली तेव्हा ते वापरलं, आणि मालकांच्या पाठीचं ऑपरेशन लातूरला झालं तेव्हा पुन्हा वापरलं. दर महिन्याला एक किमान रक्कम भरा असं लिहून यायचं. बचत गटात वर्षानुवर्षं हप्ते भरलेली बाई मी, मला वाटलं हाच हप्ता. एकही चुकवला नाही. गटात हप्ता भरला की कर्ज खाली येतं, इथे ते वर चढत होतं. ती किमान रक्कम व्याजालाही पुरत नाही हे कळलं तेव्हा मला इतका राग आला की मी भरणंच थांबवलं. मग हिंदीतून फोन सुरू झाले, मग ते थांबले, मग बेलिफ आला.

बेलिफ वयस्कर, सभ्य माणूस होता. पण माझी जाऊ शेजारीच उभी होती. ती कानात म्हणाली, "घेऊ नगं. कागद हातातच घेतला न्हाई तर केस लागंल कशी?" आमच्याकडे बऱ्याच घरांत हे असंच समजतात. मी बेलिफाला सांगितलं, "मालकीण गावाला गेली आहे." त्याने माझ्या लालभडक हातांकडे पाहिलं, चालू यंत्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं. आल्या की त्यांना सांगा, कागद न घेतल्यानं तारीख टळत नाही." मग दोन शेजाऱ्यांना पंच म्हणून बोलावून त्याने कागद दाराला डकवला. मी त्यातली तारीख तेवढी वाचली. सोमवार होता. सोमवार म्हणजे वैजनाथाचा वार, तोच बघेल, असं म्हणून मी वर कॅलेंडर टांगलं. याला मी तेव्हा श्रद्धा म्हणत होते.

त्या सोमवारी मी कोर्टात गेले नाही, देवळात गेले. तारीख टळू दे म्हणून मागणं मागायचं होतं.

परळीच्या देवळाची एक रीत आहे. आम्हा गावातल्यांना ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं अप्रूप बाहेरच्यांनाच जास्त वाटतं. इथे पिंडीला हात लावायला कुणाला मनाई नाही. बाई असो, पुरुष असो, कोणत्याही घरचा असो, रांगेने आत जायचं, स्वतःच्या हाताने बेल वाहायचा, कपाळ टेकवायचं. मध्ये कुणी नाही. पण कांडप सुरू केल्यापासून मी पिंडीला हात लावला नव्हता. मिरचीचा हात साबणाने निघत नाही, लिंबाने निघत नाही, बेसनाने निघत नाही. मुली लहान असताना त्यांच्या डोळ्यांत काजळ घालायला मी जावेला हाक मारायची. असला हात देवाच्या अंगावर कसा ठेवायचा? म्हणून रांगेत पुढे जी बाई असेल तिच्याकडे माझा बेल द्यायचा आणि आपण लांबून हात जोडायचे, अशी माझी पद्धत होती. कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी पुढे एक ठेंगणी, रुंद बांध्याची, साठीच्या आसपासची बाई होती. खांद्याला कापडी बोचकं, त्यातून काचेचा किणकिणाट येत होता. मी तिच्यापुढे बेल धरला. तिने तो घेतला नाही.

"कावून? तुला हात न्हाईत व्हय?"

"मिरचीचे हायत, मावशी. कांडप हाय आमचं. झोंबंल."

"कुणाला?"

मी पिंडीकडे बोट दाखवलं. ती इतक्या मोठ्याने हसली की मागची माणसं माना लांब करून बघायला लागली. "आगं, एवढं इख पिऊन बसल्यालाय त्यो! त्याला तुझी मिरची झोंबंल? हो म्होरं. तुझा बेल तूच वाहा. मी काय तुझी वकील हाय?"

त्या बाईला माझ्याबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. शब्द तोंडात आला आणि ती बोलून गेली. मला मात्र दारावरचा कागद आठवला. रांगेने ढकललं म्हणून मी पुढे गेले आणि पिंडीवर दोन्ही हात ठेवले. दगड गार होता. माझी बोटं बारा महिने तापलेली असतात, त्यांची मला इतकी सवय झाली आहे की ती जळतात हे मी विसरून गेले होते. तो गारवा मनगटापर्यंत चढला तेव्हा ते आठवलं. मागणं मागायचं राहूनच गेलं.

बाहेर पायऱ्यांवर ती बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले आणि का कोण जाणे, मालकांनाही धड न सांगितलेलं सगळं तिला सांगून टाकलं. तिने मध्ये एकच प्रश्न विचारला.

"तारीख कवा हाय?"

"आज."

"आज? आन् तू हितं बेल वाटत हिंडायलीस?" ती उठून उभीच राहिली. "बाई, वडवणीला माझा गाळा व्हता बांगड्याचा. मालक वारले, त्यांच्या उसनवारीचा कागद आला. म्या घेतला न्हाई. दारावर डकवला तर म्या फाडून चुलीत घातला, लई शानी मी! तिकडं कोर्टात माझं नाव पुकारलं आसंल. तिथं कोण व्हतं? कुणीच न्हाई. गाळा गेला. आता बाजारात भुईवर बसते. चल ऊठ."

बांगड्यांचा भाव सांगावा तशा आवाजात तिने हे सांगितलं. मला तिचं कौतुक वाटतं ते इथे. ज्याचं असं गेलं तो माणूस एकतर रडतो, नाहीतर दुसऱ्याचंही जाताना बघून गप्प राहतो. तिने दोन्ही केलं नाही. ओळख ना पाळख, पण रिक्षा तिनेच थांबवली, मला आत बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "कोर्टात घे लेका, आन् खड्डे बघून. माझा समदा माल काचंचा हाय." रस्ताभर तिने मला धीर दिला नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली की नाव पुकारलं की 'हाय' म्हणायचं, आणि ते दारातल्या पट्टेवाल्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचं.

व्हरांड्यात खूप वेळ बसलो. पट्टेवाल्याने माझं नाव पुकारलं तेव्हा मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. तिने पाठीत एक रट्टा दिला. "हाय म्हण!" मी हात वर केला आणि ओरडले, "हाय! हजर हाय!" आतले दोन वकील हसले.

न्यायाधीश माझ्या थोरल्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, समन्स का घेतलं नाही? मी म्हटलं, घाबरले. त्या म्हणाल्या, "आलात ते बरं केलं. नसता आलात तर पुढचं सगळं तुमच्या गैरहजेरीत चाललं असतं." मग त्यांनी समजावलं की बाईमाणसाला कोर्टातर्फे फुकट वकील मिळतो, माझं म्हणणं लेखी द्यायला मुदत मिळेल, आणि दोघांची तयारी असेल तर प्रकरण लोकअदालतीत मिटतं. ओरडणं नाही, बेड्या नाहीत, काही नाही. ज्याला भिऊन मी देवाला दारावर पहारेकरी म्हणून टांगलं होतं, तिथे मला कुणीतरी बसायला खुर्ची दिली.

बाहेर आले तर ती बोचक्यावर बसून चहा पीत होती. माझा चेहरा पाहून ती उठली. "बरं. आता पळते, वडवणीची गाडी जाईल," म्हणाली आणि गेली. फाटकातून बाहेर पडताना तिने नाव तेवढं सांगितलं, शालन.

पुढे लोकअदालतीत प्रकरण मिटलं. टेबलापलीकडची बँकेची माणसंही आपल्यासारखीच घामाघूम झालेली होती. चढलेलं व्याज बरंच उतरवलं, राहिलेल्याचे हप्ते बांधून दिले. हे खरे हप्ते आहेत, भरले की खाली येतात. यंत्र जागेवर आहे. कोर्टातून आले त्याच संध्याकाळी मी दारावरचं कॅलेंडर काढून आत तराजूच्या वर लावलं होतं. मालकांनी दाराकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं. तू सांगशील म्हणून थांबलो." कागद काढला तरी दारावर डिंकाचा चौकोन अजून आहे. वीज केंद्राच्या राखेची धूळ त्याच्यावर चिकटून तो दिवसेंदिवस ठळक होत चालला आहे. मी खरवडत नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी डबाभर येसर घेऊन मी एसटीने बायकांच्या अर्ध्या तिकिटात वडवणीला गेले. शालनबाई पोत्यावर बांगड्या मांडून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "यंत्र हाय का गेलं?" हाय म्हटल्यावर त्यांनी येसराचा वास घेतला आणि मान डोलावली. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही परळीला कशाला आला होता?

"परळीला कुठं? मला शिरसाळ्याला उतरायचं व्हतं, बहिणीकडं. गाडीत डोळा लागला. कंडक्टरनं उठवलं तर परळी! म्हणलं आता आलोच हाय तर दर्शन घ्यावं."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ही देवाची करणी की एसटीच्या गाडीतली डुलकी, हे ठरवणं माझं काम नाही. मी एवढंच बघते की मी देवाकडे तारीख टाळायला गेले होते, आणि त्याने मला तारखेला नेऊन उभं केलं. सगळं त्याच्यावर सोपवलं असं मी आठवडाभर म्हणत होते, पण खरं तर त्याच्याआड लपले होते. आपला जसा असेल तसा हात त्याच्यासमोर ठेवायचा आणि आपलं नाव आलं की हजर आहे म्हणायचं, पुढचं त्याचं. यापेक्षा जास्त शरण जाणं मला अजून जमलेलं नाही.

निघताना शालनबाईंनी मला खाली बसवलं. "रिकाम्या हातानं जाऊ नगं," म्हणाल्या आणि हिरव्या बांगड्या भरायला माझा हात हातात घेतला. बोटं एकत्र दाबत, सांधे चोळत, बांगडी न फोडता चढवायची त्यांची हातोटी बघत राहावी अशी. एक हात भरून झाला, दुसरा झाला. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि तो डोळ्यांवरून फिरला.

"आई गं! काय बाई हात हाय का निखारा!" डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्या हसायला लागल्या. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणला होता, झोंबत न्हाई."

"आगं, इख त्यानं पिलंय, म्या न्हाई!"

मी तांब्यातलं पाणी त्यांच्या डोळ्यांवर मारलं, पदराने तोंड पुसून दिलं. पुढच्या सोमवारी पिंडीवर हात ठेवले तेव्हा त्या बांगड्या दगडाला लागून वाजल्या. मी काही मागितलं नाही. शालनबाईंचे डोळे सांभाळ, एवढं मात्र सांगितलं.