जॅकवर आवळलेले बोल्ट
नव्या रबराचा वास आला की मरोळचं आमचं गॅरेज आठवतं. जुन्या गाडीचं सस्पेन्शन बसवताना माझा जोडीदार बजावायचा, “आधी गाडी चाकांवर उतरव, मग बोल्ट आवळ. लटकत्या गाडीत आवळलेस तर सांध्यातल्या बुशचं रबर पिळून फाटतं रे.” एकदा तो जेवायला गेला आणि मी घाईत गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळून टाकले. महिन्याभरात बुश फाटून ती गाडी कुरकुरत परत आली. काम त्याच्या नावावर होतं, शेठ त्याच्यावरच घसरला, “म्हातारा झालास तू.” मी दुसऱ्या गाडीखाली सरकलो. तो पुटपुटला, “विसरलो असेन.” त्यानंतर त्याने पाना हातात घेतला नाही. तो वारल्यावर विक्रोळीला त्याच्या घरी भेटायला गेलो, तर त्याची बायको म्हणाली, “शेवटपर्यंत विचारायचे, मी विसरलो कसा?” मी चहा संपवून निघालो. वहिनी, तो विसरला नव्हता.