वेल आत्याची, आजोबांची नाही

कालच्या पोस्टमध्ये माझी चूक झाली. आमच्या फुलदाण्यांवर रंगवलेली वेल आजोबांची नाही, आत्याची आहे.

आज आत्या मुदखेडहून लोह्याला आमच्या कुंभारकामाच्या शेडमध्ये आली. पोस्ट वाचून हसायलाच लागली. "अगं, माझ्या बापाला सरळ रेघ येत न्हवती! बायांनी चाकाला हात लावायचा न्हाई, म्हणून मी वेली काढत बसले."

मी घाबरतच बाबांना विचारलं, "मी चाकावर बसू?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं.

आत्या म्हणाली, "दादा, आता तरी हाव म्हण."

"हाव," बाबांनी होकार दिला. "पण आधी माती तुडव म्हणावं. आयतं चाक मिळत न्हाई."

तुमच्या घरातही कुणाचं काम दुसऱ्याच्या नावावर आहे का? विचारून बघा.

माती भिजत घातली आहे. येत्या सोमवारी सकाळी मी चाकावर बसणार.