उद्या यात्री येणार आणि आज कंप्युटर बंद

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

दुर्गाघाटावरच्या आमच्या छोट्या धर्मशाळेच्या ऑफिसातला कंप्युटर फारच स्लो झाला होता. नवा घ्यायचं बजेट नाही, म्हणून सेकंडहँड रॅम आणली आणि दुपारी मीच बसवली. बटण दाबलं, तर स्क्रीन काळी ठिक्कर!

उद्या पुण्याहून यात्री येताहेत. कुणाला कुठली खोली दिलीये, ते सगळं त्यातच. बाबा डोक्यावर उभे. "अरे, बिघडवलास ना? आता लोकांना काय जवाब देऊ?"

घाम पुसत आत टॉर्च मारला. रॅमच्या खाचेत लाल भुकटी आणि तांदळाचा दाणा! दर खंडेनवमीला बाबा कंप्युटरची पूजा करतात. ते कुंकू, त्या अक्षता जाळीतून थेट आत गेलेल्या.

ब्रशनं खाच साफ केली, रॅम पुन्हा दाबली. सुरू झाला एकदाचा! बुकिंगही जागच्या जागी.

झाकण लावायला वळलो, तर बाबा कुंकवाचा करंडा घेऊन हजर. "थांब, नवीन रॅमला कुंकू लावू दे. इतकी वर्षं चालला तो कशामुळे?"

"उद्या लावू" म्हणून वेळ मारून नेलीये. करंडा मात्र कंप्युटरशेजारीच ठेवलाय त्यांनी. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत?